पत्रिकेवरचे अक्षर

गेल्या माघात आमच्या घरचे कार्य झाले. पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी कुलदेवतेला आणि तिसरी आत्याबाईंना, असा आमच्या घरचा क्रम आहे. आत्याबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या धारवाडात जन्मल्या आणि हुबळीत नांदल्या. कानडी बोलू लागल्या, तर शेजारणींनी ऐकत राहावे अशी बोलतात. वाचतात मात्र केवळ मराठी, आणि तेही बाळबोध. इंग्रजीशी त्यांची गाठ पडली नाही आणि कानडी मुळाक्षरे गिरवण्याचा योग त्यांच्या वाट्याला आला नाही. तेव्हा तिसरी पत्रिका त्यांना वाचता आली पाहिजे, एवढी एकच अट आमची होती. ती पाळताना जे पाहिले आणि शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण असा प्रसंग महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी घरात आज ना उद्या यावयाचाच.

आम्ही बेलूरला राहतो. होयसळांच्या चेन्नकेशव मंदिराचे बेलूर ते हे नव्हे; ते हासन जिल्ह्यात. आमचे बेलूर धारवाडच्या उत्तरेस, बेळगावच्या वाटेवर, महामार्गालगत आहे आणि कारखान्यांच्या वसाहतीमुळे लोकांना ठाऊक आहे. येथे पाट्या कानडी आणि इंग्रजी असतात, आणि ते रीतीचेच आहे. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते; त्या काळातल्या मराठी पाट्यांच्या आठवणी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. आज मराठी अक्षर आमच्या घरात येते ते एखाद्या मासिकातून, दिनदर्शिकेतून किंवा पोथीतून. ते सारे दुसऱ्यांनी लिहिलेले असते. घराने स्वतः योजलेला, स्वतःच्या नावाने छापलेला आणि शे-दोनशे घरी वाटलेला मराठी मजकूर एकच, आणि तो म्हणजे लग्नपत्रिका. एका पिढीत तो फार तर दोन-तीनदा छापला जातो. म्हणून तो कसा छापला जातो, याला आमच्या लेखी महत्त्व आहे.

पत्रिकेसाठी आम्ही एका छापखान्यात गेलो. छापखान्याचे मालक कानडी, गृहस्थ मोठे अगत्यशील. वडिलांच्या हातचे ट्रेडल त्यांनी एका कोपऱ्यात कापड पांघरून जपून ठेवले आहे. काम आता सारे संगणकावर. त्यांनी आमच्या पुतणीपुढे नक्षीदार अक्षरांचे नमुने मांडले. इंग्रजीचे नमुने संपता संपेनात. कानडीचेही पुष्कळ होते. मराठीसाठी मोजून पाच निघाले आणि त्यांतील दोन एकसारखे दिसत होते. पुतणीचे मन एका इंग्रजी वळणावर बसले. उजवीकडे झुकलेली अक्षरे, वेलीच्या तणाव्यासारखी लांबलेली टोके, एक पोटात जाड तर दुसरे केसासारखे बारीक. तिला ते आवडावे यात नवल नाही. ते वळण सुंदर आहेच.

त्या वळणाचा जन्म ऐकण्यासारखा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडात लेखनशिक्षक टोकदार, लवचीक पिसाच्या लेखणीने लिहीत. लेखणी खाली ओढताना दाब दिला की टोक फाकून रेघ जाड होई. वर नेताना हात हलका केला की ती बारीक होई. हे लेखन छापावयाचे तर तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरून छापावे लागे. त्यावरून त्याला ‘कॉपरप्लेट’ हे नाव पडले. जॉर्ज बिकम या कोरक्याने १७३३ ते १७४१ या काळात ‘द युनिव्हर्सल पेनमन’ या नावाने अशा वळणांचा मोठा संग्रह भागाभागाने प्रसिद्ध केला. निमंत्रणे, हुंड्या, मानपत्रे यांवर ते अक्षर रूढ झाले आणि इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडच्या समारंभांच्या कागदांवरही आले.

आपल्याकडेही ताम्रपट होते, पण ते छापण्यासाठी नव्हते. दिलेले दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावे म्हणून होते. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शके ६७५ मधला सामानगडचा ताम्रपट नागरी लिपीच्या जुन्या नमुन्यांत गणला जातो. सामानगड हा कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लजजवळ. म्हणजे आमच्यापासून फार लांब नव्हे. तांबे दोहोंकडे होते, पण एकाने शोभा टिकवली आणि दुसऱ्याने शब्द.

पुढे देवनागरीला जी शोभा आली ती बोरूने. बोरूचे टोक रुंद आणि तिरके कापलेले असते. त्यावर दाब द्यावा लागत नाही. हात एका दिशेला गेला की रेघ जाड उमटते आणि दुसऱ्या दिशेला गेला की बारीक. म्हणजे इंग्रजी वळणातला जाडबारीकपणा दाबाचा, तर आपला दिशेचा. हा भेद ध्यानात घेतला नाही की देवनागरी अक्षराला इंग्रजी तणावे जोडले जातात आणि ते उसन्या अंगरख्यासारखे दिसते. पुतणीने निवडलेल्या पाच मराठी नमुन्यांतील तीन असेच होते. शिरोरेखा वाऱ्यावरच्या पताकेसारखी लहरत होती आणि ‘व’ कोणता, ‘ब’ कोणता हे ओळखताना आम्हांलाच चष्मा पुसावा लागला.

छपाईच्या आरंभी ही बोरूची शोभा कागदावर जशीच्या तशी उतरत असे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात लेखकाच्या हातचे अक्षरच दगडावरून कागदावर येते, म्हणून त्या काळच्या पोथ्या आजही हाताने लिहिल्यासारख्या भासतात. पुढे खिळ्यांचा जमाना आला. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी कोरलेल्या अक्षरांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांना जे रूप दिले, ते वाचकांच्या डोळ्यांत पिढ्यान् पिढ्या बसले.

परंतु खिळा म्हणजे शिशाचा चौकोनी ठोकळा. त्याच्या कडेबाहेर अक्षराचे टोक लांबवले की ते मोडते. देवनागरीत तर मात्रा वर, उकार खाली आणि जोडाक्षरे मधोमध. त्यामुळे जुळाऱ्यापुढची खणांची पेटी इंग्रजीच्या मानाने कितीतरी मोठी. त्यात नक्षीचा हव्यास परवडणारा नव्हता. म्हणून पत्रिकेचा मजकूर साध्या खिळ्यांत जुळवीत आणि मथळा तेवढा एखाद्या चित्रकाराकडून काढून घेऊन त्याचा जस्ताचा ब्लॉक करीत. इंग्रजीलाही ही अडचण होतीच. जोडून लिहिलेली तिरकी अक्षरे खिळ्यांत बसवणे कठीण होते. अक्षरे फोटोने जुळवण्याची सोय झाली तेव्हा कोठे ती सुटली, आणि १९६० च्या दशकात मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनशिक्षकाच्या वळणावरून ‘स्नेल राउंडहँड’ हा टंक केला. १९९८ मध्ये हेर्मान त्साफ यांचा ‘झाप्फिनो’ आला. त्यात एकाच अक्षराची अनेक रूपे आहेत. शेजारचे अक्षर पाहून निवडावयाची, जशी हाताने लिहिताना आपोआप निवडली जातात.

असो. आम्ही पाचांतला त्यातल्या त्यात वाचनीय नमुना निवडला, मजकूर दिला आणि चार दिवसांनी मुद्रित हाती आले. ते पाहून आम्ही खाली बसलो. मुलाकडचे गाव कऱ्हाड. ते ‘कर्हाड’ झाले होते. ‘इष्टमित्र व सोयऱ्यांसह’ याचे ‘सोयर्यांसह’ झाले होते. ‘आशीर्वाद’ या शब्दातला रफार जागा सोडून मागे सरकला होता. ‘सकाळी’तला ‘ळ’ त्या टंकात मुळी नव्हताच. म्हणून तो दुसऱ्या कुठल्या तरी साध्या टंकातून आणून बसवला होता आणि नटूनथटून बसलेल्या वऱ्हाडात एकटाच पाहुणा रोजच्या सदऱ्यात यावा तसा दिसत होता.

दोष छापखान्याचा म्हणवत नाही. मालकांना देवनागरी येते ती शाळेतल्या हिंदीमुळे. हिंदीला ‘ळ’ लागत नाही आणि ‘ऱ्या’ही लागत नाही. त्या सोयीसाठी केलेल्या टंकात ही अक्षरे नसली तर ते हिंदी वाचकाला कळणारही नाही. मराठीला मात्र त्यांवाचून चालत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द एकासारखे छापले, तर होमापाशी कोणाला बसवायचे आणि चुलीपाशी कोणाला, हे पत्रिका वाचून ठरवता यावयाचे नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांचीही मराठी रूपे हिंदीहून निराळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीचा ‘श’ प्रमाण ठरवला. पुष्कळ टंकांत दोन्ही रूपे असतात. पण संगणकाला मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितल्यावाचून तो मराठी रूप काढीत नाही.

मालकांनी आमचे खुणांनी लाल झालेले मुद्रित शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “नोड्री, तुमच्या अक्षरांवर सगळ्यांचं मिळून एकच माळवद. आमच्या कानडी अक्षराला ज्याची त्याची टोपी. माळवद एका जागी गळालं की सगळं घर ओलं.” कानडीत शिरोरेखा नसते, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतंत्र ‘तलेकट्टु’ असतो. मराठी न वाचणाऱ्या त्या गृहस्थांनी आमच्या लिपीची अडचण आमच्याहून नेमकी सांगितली.

घरी आल्यावर पुतणी म्हणाली, “काका, वर एक ओळ मराठीत शोभेला ठेवू, बाकी सगळे इंग्रजीत करू. नाहीतरी वाचतं कोण?” ती रागाने म्हणाली नव्हती. कारखान्यातून दमून येऊन ती हे सारे करीत होती. पण ‘शोभेला’ हा शब्द आम्हांला लागला, आणि त्यामागे एक कारण आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरी बैठकीच्या भिंतीवर मोडी कागदाची सुरेख तसबीर आहे. पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ या मुलखातले दप्तर मराठीत आणि मोडीत लिहिले जाई. तेव्हा जुन्या घरांच्या फडताळांत असे कागद सापडणे विशेष नाही. मोडीचे अक्षर मोठे डौलदार. आधी पानभर रेघ ओढून घ्यावयाची आणि मग हात शक्य तो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवीत जावयाची. घरातल्या कोणालाही तो कागद वाचता येत नव्हता. पूर्वजांना मिळालेली एखादी सनद असेल, अशी त्यांची समजूत होती. पुढे मोडी जाणणारे एक वृद्ध पाहुणे आले. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवले, तेव्हा तो कर्जरोखा निघाला. आणि तोही घरच्यांनी घेतलेल्या कर्जाचा. सारे हसले. तसबीर आजही तेथेच आहे. पण त्या दिवसापासून आम्हांला वाटू लागले आहे की, अक्षर वाचता येईनासे झाले की त्याची नक्षी होते. मोडीचे असे होण्यास फार काळ लागला नाही. आमचे आजोबा मोडीत पत्रे लिहीत. आम्हांला त्यांतली सही तेवढी ओळखता येते.

मोडीला छपाई लाभली नाही असेही नव्हे. विल्यम केरी यांनी १८१० मध्ये श्रीरामपूरला छापलेल्या मराठी कोशात मोडीचे खिळे वापरले होते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. संगणक आता मोडी लिहू शकतो. वाचणारी घरे मात्र उरली नाहीत. टंक निघाला म्हणून लिपी जगत नाही. ती रोजच्या कामाला लागली, तर जगते. बाळबोध मराठी पत्रिकेच्या माथ्यावरची एक नक्षीदार ओळ होऊन बसली, तर परप्रांतीच्या आपल्या घरांत तिचीही हीच वाट होईल, अशी भीती आम्हांला वाटते. म्हणून पुतणीला आम्ही तसबिरीची हकीगत सांगितली. ती हसली, मग गप्प बसली आणि म्हणाली, “मग मुद्रित तुम्हीच तपासा.”

दुसऱ्या खेपेस आम्ही तयारीने गेलो. नक्षी नको असे आमचे म्हणणे नव्हते. मंगलकार्याचा कागद मंगल दिसलाच पाहिजे. चांगले नक्षीदार अक्षर मराठीत नाही असेही नव्हे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावे अशी रेखाटली की नाटकाचा स्वभाव अक्षरातच दिसावा, आणि तरी नाव वाचताना कोणी अडखळला नाही. अच्युत पालव यांनी मोडीचा प्रवाह आणि देवनागरीचा आकार एकत्र आणून ‘मुक्तलिपी’ घडवली. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली ‘मंगल’ हा देवनागरी टंक झाला आणि ‘तुंगा’ हा कानडी टंकही. संगणकाबरोबर घरोघर पोहोचलेल्या या दोन लिप्यांच्या अक्षरांमागे एकच मराठी नजर आहे, हे छापखान्याच्या मालकांना सांगितले, तेव्हा त्यांनी ताबडतोब दोन्ही टंक पडद्यावर शेजारी मांडून पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा रेल्वे स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला ‘यात्रा वन’ असे टंक आता विनामूल्य मिळतात. छापखान्यात नसले, तरी ते घेता येतात.

वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून आमची रीत सांगतो. टंक निवडताना त्याचे नाव किंवा नमुन्याचे पान पाहू नये. आपल्याच मजकुरातले अवघड शब्द लिहून पाहावेत. ‘कऱ्हाड’, ‘सोयऱ्यांसह’, ‘सकाळी’, ‘आशीर्वाद’, ‘चि. सौ. कां.’ आणि वधूवरांची संपूर्ण नावे एवढे पुरे. नक्षीचे अक्षर माथ्याच्या ओळीला आणि वधूवरांच्या नावांना द्यावे. तिथी, वार, मुहूर्त आणि पत्ता साध्या, ठसठशीत अक्षरांत असावा. मुद्रित पडद्यावर तपासू नये, कागदावर काढून तपासावे. पडद्यावर ठीक दिसलेली वेलांटी छापताना जागा सोडते, असे आम्ही स्वतः पाहिले. आणि शेवटचे मुद्रित घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून मोठ्याने वाचवून घ्यावे.

माथ्याच्या ओळीसाठी आम्ही ट्रंकेतून एक जुनी पत्रिका काढली. ती १९५८ सालची, आत्याबाईंच्या लग्नाची. कागद पिवळा पडलेला, कोपऱ्यांना लावलेले हळदकुंकू विटलेले; पण ब्लॉकवरून छापलेले ‘॥ श्री ॥’ आणि त्याखालचे ‘शुभविवाह’ जसेच्या तसे. कोणा चित्रकाराने काढले ते पत्रिकेवर छापलेले नाही. त्या ‘श्री’चा शेवट किंचित वर उचललेला आहे, बोरू कागदावरून सोडताना हात उचलतो तसा. छापखान्यातल्या मुलाने ते अक्षर संगणकावर घेतले, फाटलेल्या कडा नीट केल्या आणि दोन्ही ओळी पत्रिकेच्या माथी बसवल्या. एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी कानडी आणि खाली पत्त्यापुरते इंग्रजी, अशी पत्रिका झाली. कानडी बाजू मालकांनी स्वतः तपासली आणि तिच्यात आम्ही केलेल्या दोन चुका काढल्या.

वाचकांच्या घरीही अशा जुन्या पत्रिका असतील. त्या रद्दीत घालू नयेत. पुढच्या कार्याला त्यांतलेच एखादे अक्षर उपयोगी पडेल.

गणपतीची पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली, कुलदेवतेची टपालाने पाठवली आणि तिसरी घेऊन आम्ही व पुतणी आत्याबाईंकडे गेलो. त्यांनी भिंग मागवले, बोट टेकवले आणि ‘श्री’पासून मोठ्याने वाचावयास आरंभ केला. आपल्याच लग्नातले अक्षर त्या ओळखतील, म्हणून आम्ही आशेने पाहत होतो. पण तसे काही झाले नाही. बोट एकदाही न अडखळता नावांवरून तिथीवर आणि तिथीवरून मुहूर्तावर गेले. ‘कऱ्हाड’पाशी मात्र ते थांबले. पुतणीने आमच्याकडे पाहिले. आत्याबाईंनी भिंग खाली ठेवले आणि विचारले, “कऱ्हाडला गाडी पहाटे पोचते. तिथं चहाचं कुणी बघितलं आहे का?”